खुब्याच्या खोबणीत दुसऱ्याचे हाड का भरतात?

प्रश्न : माझ्या आईच्या खुब्याचा सांधा पंधरा वर्षांपूर्वी बदलला होता. आता त्यातील कृत्रिम वाटी सैल झाली असून खोबणीचे हाड बरेच झिजले आहे. पुन्हा शस्त्रक्रिया करताना बोन बँकेतील हाड भरावे लागेल, असे डॉक्टर म्हणतात. परके हाड शरीर स्वीकारेल का? नुसती मोठी वाटी बसवून भागणार नाही का?

उत्तर : सांध्यातील प्लास्टिकच्या झिजेतून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांना शरीर प्रतिक्रिया देते आणि त्या ओघात वाटीभोवतीचे हाड हळूहळू विरघळते. मात्र जंतुसंसर्गानेही वाटी सैल होते, म्हणून रक्ताची आणि गरज पडल्यास सांध्यातील द्रवाची तपासणी करून ती शक्यता आधी दूर केलीच पाहिजे.

बोन बँकेतील हाड बहुधा सांधेबदलाच्या वेळी इतर रुग्णांच्या मांडीच्या हाडाचा जो गोल माथा काढला जातो, त्याचे असते. दात्याची कावीळ, एचआयव्ही यांसारख्या आजारांसाठी तपासणी करून ते अतिशीत तापमानात साठवतात. गोठवलेल्या हाडातील पेशी जिवंत राहत नाहीत, उरतो तो सच्छिद्र सांगाडा. त्यामुळे मूत्रपिंड रोपणानंतर लागतात तशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे येथे लागत नाहीत. आईच्या रक्तवाहिन्या आणि हाडाच्या पेशी त्या सांगाड्यात शिरून जुन्याच्या जागी नवे हाड घालू लागतात. याला अनेक महिने लागतात.

नेदरलँड्समधील नायमेगन येथे १९७९ च्या सुमारास रूढ झालेल्या पद्धतीत या हाडाचे सुमारे ७ ते १० मिलिमीटरचे तुकडे खोबणीत थराथराने हातोडीने घट्ट ठोकतात आणि त्यावर सिमेंटने वाटी बसवतात. सारे यश या ठोकण्यावर आहे, कारण सैल भरलेले तुकडे भार येताच दबतात आणि वाटी सरकते. खोबणीची कडा वा तळ फुटलेला असेल, तर तुकडे निसटू नयेत म्हणून तेथे आधी धातूची जाळी स्क्रूने पक्की करतात.

मोठी धातूची वाटी किंवा सच्छिद्र धातूचे भराव-तुकडे हेही चांगले पर्याय आहेत, आणि कडेचा मोठा भाग नाहीसा झाला असेल तर केवळ हाडाच्या तुकड्यांच्या भरवशावर राहणे मला योग्य वाटत नाही. परंतु धातूने पोकळी भरते, हाड परत मिळत नाही. पुढे तिसरी शस्त्रक्रिया संभवत असेल, तर हा फरक फार मोलाचा ठरतो. म्हणून ‘कडा कितपत शाबूत आहे?’ हे सीटी स्कॅन समोर ठेवून डॉक्टरांना जरूर विचारा.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, कुबड्या वापरून पायावर मोजकाच भार द्यावा लागतो. दुखणे लवकर थांबल्याने अनेक रुग्ण कुबड्या आधीच सोडतात. आईंना तसे करू देऊ नका. किती भार द्यायचा, हे दर भेटीत एक्स-रे पाहून डॉक्टरच ठरवतील.