वाचकांचे प्रश्न : छापलेला कोड आणि बदलणारा पत्ता

या वेळच्या टपालात क्यूआर कोडविषयीचे प्रश्न इतके आले आहेत की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : हाताने बांधलेल्या वह्यांचा माझा छोटा व्यवसाय आहे. एका संकेतस्थळावर विनामूल्य क्यूआर कोड तयार करून तो वह्यांच्या वेष्टनावर छापून घेतला. काही आठवडे तो उत्तम चालला. आता मात्र स्कॅन केल्यावर 'हा कोड निष्क्रिय आहे, सुरू ठेवण्यासाठी वर्गणी भरा' असा मजकूर येतो. छापील वेष्टने अजून बरीच शिल्लक आहेत. क्यूआर कोडची मुदत संपते का?

उत्तर : कोडची मुदत कधीच संपत नाही. क्यूआर कोड हा काळ्या-पांढऱ्या बारीक चौकोनांच्या लिपीत लिहिलेला मजकूर असतो आणि कागदावरची शाई टिकेल तोवर तो मजकूर वाचता येतो. आपल्या बाबतीत मुदत संपली आहे ती त्या मजकुरातल्या पत्त्यामागे उभ्या असलेल्या सेवेची. कोडात आपल्या वह्यांच्या पानाचा पत्ता थेट लिहिलेला असता, तर तो कोड स्टॅटिक ठरला असता आणि ज्या संकेतस्थळावर तो तयार केला ते उद्या बंद पडले तरी कोडाला काही झाले नसते. आपल्या कोडात मात्र त्या सेवेचा स्वतःचा एक छोटा पत्ता लिहिलेला आहे. ग्राहकाचा फोन आधी तिथे जातो आणि ती सेवा त्याला पुढे आपल्या पानाकडे वळवते. यालाच डायनॅमिक कोड म्हणतात. वळवण्याचे काम ज्याच्या हाती, त्याच्या हाती आपली सगळी छपाई. विनामूल्य म्हणून दिलेला कोड डायनॅमिक होता आणि त्याचा कालावधी चाचणीपुरता होता, ही गोष्ट अशा संकेतस्थळांवर फार ठळकपणे लिहिलेली नसते, त्यामुळे आपली फसगत झाली यात आपला दोष थोडाच आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर कोडवर कॅमेरा धरा आणि पान उघडण्याआधी पडद्यावर जो पत्ता दिसतो तो नीट वाचा. तो आपल्या संकेतस्थळाचा नसेल, तर कोड डायनॅमिक आहे. छापलेल्या कोडातला पत्ता कोणालाही, अगदी त्या सेवेलाही, बदलता येत नाही. म्हणून आपल्यापुढे दोनच मार्ग उरतात. वेष्टने संपेपर्यंतची वर्गणी भरणे किंवा जुन्या कोडवर नव्या कोडचे स्टिकर लावणे. शिल्लक वेष्टनांची संख्या मोठी असेल आणि विकल्या गेलेल्या वह्यांवरचा कोडही चालू राहावा असे वाटत असेल, तर तेवढ्या काळासाठी वर्गणी भरून त्या छोट्या पत्त्याचे वळण आपल्या स्वतःच्या पानाकडे लावून घेणे आणि पुढची छपाई नव्या कोडने करणे, हे मला अधिक व्यवहार्य वाटते. स्टिकर लावणार असाल तर ते जुन्या कोडपेक्षा मोठे घ्या, कारण खालच्या कोडची कड बाहेर डोकावली तरी फोन गोंधळतो.

प्रश्न : डायनॅमिक कोडमध्ये असा धोका असेल, तर सगळीकडे स्टॅटिकच वापरावा का? आमच्याकडे दरपत्रक आणि उत्पादनांची माहिती वारंवार बदलते, आणि दर वेळी नवी छपाई परवडत नाही.

उत्तर : या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे आणि छोट्या व्यवसायाने शक्यतो तोच धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे इंटरनेटवरचे नाव, घ्या आणि कोडात त्याच डोमेनवरचा एक लहानसा पत्ता लिहा. डोमेनचे नाव, एक तिरकी रेघ आणि त्यापुढे दोन-तीन अक्षरांची खूण इतकेच. त्या खुणेवर येणाऱ्याला कोणत्या पानाकडे पाठवायचे हे आपण आपल्या संकेतस्थळाच्या व्यवस्थेत ठरवायचे. कोड तांत्रिक अर्थाने स्टॅटिकच राहतो, परंतु वळण आपल्या हातात असल्यामुळे दरपत्रक कितीही वेळा बदलले तरी छपाई तीच चालते. हे वळण लावताना ते तात्पुरत्या प्रकारचे, म्हणजे 302 या क्रमांकाचे ठेवा. कायमस्वरूपी प्रकारचे 301 हे वळण लावले तर ग्राहकाच्या फोनमधला ब्राउझर ते लक्षात ठेवू शकतो आणि आपण नंतर पत्ता बदलला तरी त्या ग्राहकाला जुन्याच पानाकडे नेऊ शकतो. संकेतस्थळ बनवून देणारे बरेच जण सवयीने 301 लावतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता या मार्गातली जोखीम. डोमेन हे विकत मिळत नाही, ठरावीक काळासाठी नोंदवून मिळते, आणि नूतनीकरण चुकले तर काही काळाने ते दुसऱ्या कोणालाही घेता येते. तसे झाल्यास आपल्या प्रत्येक छापील कोडवरून ग्राहक त्या परक्याच्या पानावर जाईल आणि ते पान कसले असेल याचा नेम नाही. डोमेनची नोंदणी आपल्या स्वतःच्या नावावर आणि आपल्या ईमेलवर करा, संकेतस्थळ बनवणाऱ्या मुलाच्या किंवा छपाई करून देणाऱ्या एजन्सीच्या नावावर नको. स्वयंचलित नूतनीकरण सुरू ठेवा; प्रचलित डोमेनांची नोंदणी एका वेळी 10 वर्षांपर्यंत करता येते, त्याचाही विचार करा. संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र कालबाह्य झाले तर फोन ग्राहकाला धोक्याचा इशारा दाखवतो, तेव्हा त्याचे नूतनीकरण आपोआप होते आहे ना, हेही विचारून घ्या.

याच्या जोडीला एक साधी वही ठेवा. कोणती खूण, कुठे छापली, कोणत्या तारखेला, किती प्रती आणि सध्या ती कोणत्या पानाकडे जाते, एवढे पाच रकाने पुरेत. पाच-सहा कोड असेपर्यंत सगळे लक्षात राहते असे वाटते. वर्षभराने खोक्यावरचा कोड नेमका कुठे जातो हे तो स्कॅन केल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : आमच्या बाटल्यांवरची लेबले लहान आहेत. संगणकाच्या पडद्यावर कोड लगेच स्कॅन होतो, पण दीड सेंटिमीटर रुंदीत छापल्यावर अर्ध्या फोनांना तो वाचता येत नाही. छापखाना म्हणतो कोड चुकीचा आहे. दोष कोणाचा?

उत्तर : बहुधा कोडात लिहिलेला पत्ता फार लांब आहे. कोडातला मजकूर जितका मोठा, तितकी त्याची जाळी दाट होत जाते. सर्वांत लहान क्यूआर कोड 21 बाय 21 चौकोनांचा असतो, पुढच्या प्रत्येक आवृत्तीत प्रत्येक बाजूची लांबी 4 चौकोनांनी वाढते आणि चाळिसावी, म्हणजे शेवटची आवृत्ती 177 बाय 177 ची होते. मध्यम दुरुस्ती-पातळीवर (झिजलेला भाग भरून काढण्याच्या या सोयीविषयी पुढच्या उत्तरात) 26 अक्षरांपर्यंतचा पत्ता 25 बाय 25 च्या जाळीत मावतो. तोच 100 अक्षरांचा असला तर 41 बाय 41 ची जाळी लागते. दीड सेंटिमीटर रुंदीत पहिल्या कोडचा प्रत्येक चौकोन 0.6 मिलिमीटरचा पडतो, दुसऱ्याचा 0.37 मिलिमीटरपेक्षाही लहान. शाई थोडी पसरली, बाटलीची गोलाई आली, वर चकचकीत आवरण चढले, की उरलेसुरले अंतरही पुसले जाते.

पत्ता लांबवणारी दोन कारणे हमखास आढळतात. एक म्हणजे ग्राहक कुठून आला हे मोजण्यासाठी पत्त्याच्या शेपटीला जोडलेला मजकूर. तो कोडात न घालता वर सांगितलेल्या वळणाच्या पुढच्या टोकाला जोडावा. दुसरे कारण खास आपल्या लिपीचे आहे. 'वही' हा शब्द दोन अक्षरांचा दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी त्यात व, ह आणि दीर्घ वेलांटी अशी तीन चिन्हे आहेत. प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे (बाइट हे संगणकातल्या साठवणीचे एकक), आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह 3 अक्षरे होतात. म्हणजे दोन अक्षरी 'वही' पत्त्यात 27 अक्षरांची जागा खाते. मराठी शीर्षकाचे पान असेल तर त्याचा मराठी पत्ता लोकांना दिसू द्या, पण कोडात रोमन अक्षरांची छोटी खूणच लिहा. हे सांगताना मला आनंद होत नाही, पण लेबलावरची जागा मर्यादित आहे.

छापखान्याच्या बाजूनेही दोन गोष्टी तपासा. कोडभोवती चारही बाजूंना निदान 4 चौकोनांएवढी कोरी कड असावी लागते. लेबलाची रचना करणारे ती वाया गेलेली जागा समजून अक्षरे किंवा वेलबुट्टी आत सरकवतात. कोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे फोनला या कोऱ्या कडेमुळे आणि तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनी डोळ्यांमुळे कळते. डोळ्यावरून आडवी रेघ काढली तर काळे, पांढरे, काळे, पांढरे, काळे हे पट्टे 1:1:3:1:1 या प्रमाणात येतात. छापील मजकुरात हे प्रमाण सहसा आढळत नाही, म्हणूनच कोड घडवणाऱ्यांनी ते मुद्दाम निवडले. दुसरी गोष्ट फाइलची. कोड जेपीईजी स्वरूपात पाठवला की कडा धूसर होतात. एसव्हीजी किंवा वेक्टर पीडीएफ पाठवा, म्हणजे कोणत्याही आकारात कडा स्वच्छ राहतील. गडद रंगावर पांढरा कोड छापण्याचा मोह टाळा, कारण काही स्कॅनर उलट रंगांचा कोड वाचत नाहीत. आणि संपूर्ण छपाईआधी नमुन्याचे लेबल बाटलीवर प्रत्यक्ष चिकटवून एखाद्या जुन्या, स्वस्त फोनने मंद उजेडात स्कॅन करून पाहा. नव्या फोनवरची चाचणी फारशी काही सिद्ध करत नाही.

प्रश्न : कोडच्या मधोमध आमचे बोधचिन्ह टाकता येईल का?

उत्तर : येईल, पण मी टाकणार नाही. क्यूआर कोडमध्ये झिजलेला किंवा डागाळलेला भाग भरून काढण्याची सोय असते आणि तिच्या चार पातळ्या आहेत. सुमारे 7, 15, 25 आणि 30 टक्के बिघाड त्या अनुक्रमे सोसतात. बोधचिन्ह टाकणे म्हणजे छपाईआधीच आपल्या हाताने कोडात बिघाड करणे, आणि ही शिल्लक खरे तर ओरखडे, धूळ व सुरकुत्या यांच्यासाठी राखलेली असते. शिवाय सर्वांत वरची पातळी निवडली की जाळी आणखी दाट होते. वरच्या उदाहरणातला 100 अक्षरांचा पत्ता त्या पातळीवर 57 बाय 57 वर जातो. मोठ्या फलकावर हे सहज खपून जाईल, लहान लेबलावर नाही. बोधचिन्ह कोडच्या खाली छापा, आणि सोबत 'काळजी कशी घ्यावी ते पाहा' असे पाच शब्द लिहा. कोड कशासाठी आहे हे न सांगता नुसताच छापलेला कोड स्कॅन करायला ग्राहकाला काही कारण नसते.

प्रश्न : क्यूआर कोड वापरण्यासाठी कोणाची परवानगी किंवा स्वामित्वशुल्क लागते का?

उत्तर : लागत नाही. हा कोड 1994 मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह या (तेव्हा डेन्सो कंपनीचा विभाग असलेल्या) कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. मासाहिरो हारा हे त्याचे जनक मानले जातात. पेटंटचा हक्क बजावणार नाही असे कंपनीने जाहीर केले आणि 2000 पासून तो आंतरराष्ट्रीय मानकात आहे. केवळ 'क्यूआर कोड' हे नाव त्यांची नोंदणीकृत व्यापारमुद्रा आहे.

प्रश्न : दुकानात पैसे घेण्यासाठी लावलेल्या कोडवर कोणीतरी आपल्या कोडचे स्टिकर चिकटवून ठेवले होते आणि दिवसभराची रक्कम भलतीकडे गेली. हे टाळावे कसे?

उत्तर : माणसाच्या डोळ्याला दोन क्यूआर कोडांमधला फरक कळत नाही, आणि या फसवणुकीचे सारे बळ त्यातच आहे. कोड काचेच्या आत किंवा अशा जागी ठेवा की स्टिकर लावायला हात पुढे करणारा आपल्याला दिसेल. दुकान उघडल्यावर तो स्वतःच्या फोनने स्कॅन करून नाव तपासा आणि कडेवरून बोट फिरवून वर थर चढलेला नाही ना, हे पाहा. कोडखाली खातेदाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून 'पैसे पाठवण्याआधी हेच नाव दिसते का ते पाहावे' अशी सूचना लावल्यास ग्राहकच पहारा करतो. तरीही भरवसा ठेवायचा तो आपल्या फोनवर आलेल्या जमेच्या सूचनेवर, ग्राहकाने दाखवलेल्या पडद्यावर नव्हे. रक्कम गेली असल्यास ते स्टिकर फाडून टाकू नका. त्याचे छायाचित्र घ्या, त्यातल्या खात्याची नोंद करा आणि त्याच दिवशी बँकेकडे व पोलिसांकडे तक्रार द्या.

प्रश्न : कोणता फलक उपयोगी पडतो हे स्कॅनच्या आकड्यांवरून ठरवता येईल का? आणि जे उत्पादन आम्ही बंद केले, त्याच्या कोडचे काय करावे?

उत्तर : प्रत्येक जागेसाठी वेगळी खूण दिली तर तुलना करता येते. मात्र तो आकडा माणसांचा नसतो. एकाच ग्राहकाने तीनदा स्कॅन केले तर तीन नोंदी होतात, आणि पत्ता कोणी संदेशातून पुढे पाठवला तर त्या संदेशाची झलक तयार करणारे यंत्रही पानाला भेट देऊन जाते. फलकाफलकांतला ढोबळ फरक पाहण्यापुरता हा आकडा चांगला आहे, ग्राहकसंख्या म्हणून नाही.

बंद केलेल्या उत्पादनाची खूण पुसू नका आणि दुसऱ्या उत्पादनाला देऊही नका. ती वस्तू कोणाच्या तरी घरात अजून असेल, आणि कोड स्कॅन करणाऱ्याला बहुधा वापराची सूचना किंवा दुरुस्तीची माहिती हवी असेल. त्या खुणेवर उत्पादन बंद झाल्याची तारीख, जुनी माहिती आणि संपर्काचा क्रमांक असलेले एक साधे पान ठेवा, आणि वहीत त्या ओळीपुढे 'बंद, पान चालू' अशी नोंद करा.