वाचकांचे प्रश्न : एक, अनेक आणि व्याकरणातले वचन

भाषाविषयक शंकांच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी अनेकवचनासंबंधी आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : ‘घर’ या शब्दाचे अनेकवचन बोलताना ‘घरं’ होते, मग ‘लोक’चे ‘लोकं’ का होऊ नये? शाळेत ते चूक म्हणून सांगतात, पण कारण कोणी सांगत नाही.

उत्तर : कारण लिंगात आहे. ‘घर’, ‘फूल’, ‘पान’ ही नपुंसकलिंगी नामे आहेत आणि त्यांचे अनेकवचन ‘घरे’, ‘फुले’, ‘पाने’ असे होते. त्यातला शेवटचा ‘ए’ बोलताना ‘अं’सारखा उच्चारला जातो. ‘लोक’ हे नाम पुल्लिंगी आहे. पुल्लिंगी नामांपैकी ‘घोडा–घोडे’ यांसारखी आकारान्त नामे सोडली, तर बहुतेकांचे रूप अनेकवचनात बदलत नाही. देव, दगड, कवी, शत्रू हे शब्द एकासाठीही तेच आणि अनेकांसाठीही तेच. शिवाय ‘जनसमूह’ या अर्थाने ‘लोक’ हा शब्द मुळातच अनेकवचनी आहे, म्हणून आपण ‘लोक आले’ असे म्हणतो. ‘परलोक’ किंवा ‘तिन्ही लोक’ यांतला जगवाचक ‘लोक’ निराळा.

तरीही ‘लोकं’ म्हणणाऱ्याच्या कानाला काही जाणवते आहे, हे मान्य केले पाहिजे. अनेकवचनाची खूण त्याला नामावर हवी असते आणि ‘लोक’वर ती दिसत नाही. जवळच ‘माणसं’ हे रूप असते. ‘माणूस’ हा शब्द एकवचनात पुल्लिंगी असूनही ‘ती माणसे आली’ असे अनेकवचन नपुंसकलिंगी घेतो, आणि ‘लोकं’ हे रूप बहुधा त्याच्याच वळणावर गेले असावे. प्रमाण लेखनात मात्र ‘लोक’च लिहावे.

मग अनेकत्व ओळखायचे कशावरून? विशेषणावरून आणि क्रियापदावरून. ‘माझा मित्र भेटला’ आणि ‘माझे मित्र भेटले’ या वाक्यांत ‘मित्र’ जागचा हललेला नाही, वचनाचे सारे काम त्याच्या शेजाऱ्यांनी केले आहे. शेजारी गप्प राहिले की संदिग्धता उरते. ‘मुलगा दगड शोधतो’ या वाक्यात दगड एक आहे की अनेक, ते कळायला मार्ग नाही, कारण क्रियापद कर्त्यामागे गेले आहे. सामान्यरूपात मात्र ही अडचण सुटते, कारण ‘दगडाला’ आणि ‘दगडांना’, ‘दगडात’ आणि ‘दगडांत’ ही रूपे वेगळी आहेत. शेवटच्या जोडीतला भेद एका अनुस्वारावर उभा आहे, म्हणून तो टिंब गाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘दोन वर्षापूर्वी’ असे सर्रास लिहिलेले दिसते, तेथे ‘दोन वर्षांपूर्वी’ हवे.

प्रश्न : ‘वीट’चे ‘विटा’ होते, पण ‘भिंत’चे ‘भिंती’ होते. हे आधी कसे ओळखावे?

उत्तर : मूळ शब्दाकडे नुसते पाहून ओळखता येत नाही. त्याला ‘ला’ हा प्रत्यय लावून पाहावा. ‘विटेला’, ‘मानेला’, ‘वाटेला’ असे ‘ए’ आले, तर अनेकवचन विटा, माना, वाटा असे आकारान्त होते. ‘भिंतीला’, ‘विहिरीला’, ‘गोष्टीला’ असे ‘ई’ आले, तर ते भिंती, विहिरी, गोष्टी असे ईकारान्त होते. ‘चूक’सारखे अपवाद आहेत. आपण ‘चुकीचा’ म्हणतो, पण अनेकवचन ‘चुका’ करतो. तरीही ही कसोटी बहुतेक वेळा उपयोगी पडते.

प्रश्न : अर्जात ‘तुम्हांला मुले आहेत का?’ असे विचारलेले असते. एकच मूल असलेल्याने ‘होय’ लिहावे की ‘नाही’? अनेकवचनाचा अर्थ ‘एकाहून अधिक’ असाच आहे ना?

उत्तर : ‘होय’ लिहावे. या प्रश्नाने आपण अनेकवचनाच्या अर्थाच्या गाभ्यालाच हात घातला आहे.

व्याकरणाच्या पुस्तकांत अनेकवचनाची व्याख्या ‘एकाहून अधिक वस्तूंचा बोध करणारे रूप’ अशी दिलेली असते. ती अक्षरशः खरी मानली, तर एकच मुलगी असलेल्या आईने ‘नाही’ असे उत्तर द्यायला हवे. प्रत्यक्षात कोणीही तसे उत्तर देणार नाही. ‘हो, एक मुलगी आहे,’ असेच सगळे म्हणतील. नकारातही हेच दिसते. ‘त्यांना मुले नाहीत’ हे वाक्य एक मूल असलेल्या दांपत्याविषयी उच्चारले, तर ते खोटे ठरते. म्हणजे प्रश्नात आणि नकारात ‘मुले’ या रूपाचा अर्थ ‘एक किंवा अधिक’ असा असतो. उलट ‘त्यांना मुले आहेत’ असे साधे विधान केले, की ऐकणारा किमान दोन मुले गृहीत धरतो, आणि पुढे एकच निघाले तर त्याला आपली दिशाभूल झाल्यासारखे वाटते.

एकाच रूपाचे हे दोन अर्थ कसे? अर्थविचाराच्या काही अभ्यासकांनी दिलेले स्पष्टीकरण मला पटते. त्यांच्या मते अनेकवचनी रूप संख्येबद्दल स्वतः काहीच सांगत नाही. ‘एकच’ हा दावा एकवचन करते. विधान करणाऱ्याला संख्या ठाऊक असते. मूल एकच असते, तर तो ‘मूल आहे’ असे म्हणाला असता. तो तसे म्हणाला नाही, यावरून ऐकणारा ‘एकाहून अधिक’ हा निष्कर्ष स्वतः काढतो. प्रश्न विचारणाऱ्याला संख्या ठाऊकच नसते, त्यामुळे तेथे असा निष्कर्ष काढायला आधार राहत नाही. तेव्हा ‘एकाहून अधिक’ हा अर्थ रूपात भरलेला नसून बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील समजुतीतून निर्माण होतो.

कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी हेरलेली आहे. भारतातील 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 13 नुसार, विषय किंवा संदर्भ त्याच्या विरुद्ध नसेल तर, कायद्यातल्या एकवचनी शब्दांत अनेकवचन आणि अनेकवचनी शब्दांत एकवचन समाविष्ट मानले जाते. अशी तरतूद नसती, तर प्रत्येक कलमात ‘व्यक्ती किंवा व्यक्तींनी’ असे लिहीत बसावे लागले असते.

जातीविषयी बोलताना तर दोन्ही वचने जवळजवळ एकच अर्थ देतात. ‘घोडा उभ्याने झोपू शकतो’ म्हटले काय आणि ‘घोडे उभ्याने झोपू शकतात’ म्हटले काय, विधान त्या प्राणिजातीबद्दलच आहे. पाणिनीने याची नोंद ‘जात्याख्यायामेकस्मिन् बहुवचनमन्यतरस्याम्’ या सूत्रात केली आहे. जात सांगायची असेल, तेव्हा एकवचनाच्या जागी विकल्पाने बहुवचन चालते, असा त्याचा आशय. ही मोकळीक सर्वत्र नसते. ‘घोडे मैदानात जमले’ याऐवजी ‘घोडा मैदानात जमला’ असे म्हणता येत नाही, कारण जमणे ही एकट्याने करायची क्रिया नव्हे.

प्रश्न : ‘दीड महिना’ म्हणावे की ‘दीड महिने’? दीड हे एकाहून अधिकच आहे.

उत्तर : ‘दीड महिना’ आणि ‘दीड वर्ष’. ‘सव्वा महिना’ही तसेच. ‘अडीच’पासून मात्र महिने आणि वर्षे. मराठीत अनेकवचनाची सीमा एक ओलांडल्याबरोबर येत नाही, ती दोनवर येते. फ्रेंच भाषेतही अनेकवचन दोनपासून सुरू होते आणि 1.5 या संख्येबरोबर नाम एकवचनी राहते. इंग्रजीत त्याच संख्येबरोबर अनेकवचन येते, इतकेच नव्हे, तर शून्याबरोबरही येते. गणित तिन्ही भाषांत सारखेच आहे. सीमा कोठे आखायची, हे प्रत्येक भाषेने आपापले ठरवले आहे.

काही भाषांना तर संख्या सांगितल्यावर अनेकवचनाची गरजच वाटत नाही. तुर्की आणि हंगेरियन भाषांत ‘दोन घर’, ‘दहा घर’ अशीच रचना शुद्ध मानली जाते, कारण अनेकत्व संख्येने आधीच सांगितलेले असते. आपणही ‘पाच फूट’, ‘दोन लाख’, ‘चार कोटी’ म्हणताना त्या शब्दांचे मूळ रूप कायम ठेवतो.

प्रश्न : बातमीत ‘ज्येष्ठ नेते उपस्थित राहणार आहेत’ असे वाचले. नेते एक की अनेक, हे कसे समजावे? आणि व्यक्ती एक असताना ‘अध्यक्षांनी’ यावर अनुस्वार का?

उत्तर : तेवढ्या वाक्यावरून समजणार नाही, आणि हा दोष वाचकाचा नाही. आदर दाखवण्यासाठी एका व्यक्तीबद्दल अनेकवचन वापरण्याची रीत मराठीपुरती नाही. फ्रेंचमधील ‘वू’ आणि रशियनमधील ‘वी’ ही ‘तुम्ही’ या अर्थाची सर्वनामेही एका व्यक्तीला उद्देशून आदराने वापरतात. मराठीत हा आदर सर्वनामापाशी न थांबता विशेषणात, क्रियापदात आणि आकारान्त नामातही उतरतो. ‘नेता’चे ‘नेते’ होते ते त्यामुळेच. आदरार्थी अनेकवचन हे रूपाने खरेखुरे अनेकवचन असल्यामुळे सामान्यरूपावर अनुस्वारही आलाच. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत तसे स्पष्ट सांगितले आहे, म्हणून ‘राज्यपालांचा’, ‘अध्यक्षांनी’ असेच लिहावे.

संदिग्धता टाळण्याची सोय भाषेतच आहे. ‘एक ज्येष्ठ नेते’ असे लिहिले, की काम झाले. ‘एक’ हे विशेषण आणि ‘नेते’ हे अनेकवचन शेजारीशेजारी आले तरी मराठी कानाला खटकत नाही, कारण ‘एक’ संख्या सांगते आणि ‘नेते’ मान राखते. अनेक जण असतील, तेव्हा ‘काही’, ‘सर्व’ किंवा नेमकी संख्या लिहावी. बातमी लिहिणाऱ्याने हा एक शब्द आवर्जून घालावा, असे मला वाटते.

याच पत्रात ‘आम्ही’ हे ‘मी’चे अनेकवचन कसे, असा उपप्रश्न आहे. ‘घोडे’ म्हणजे घोडा, घोडा आणि घोडा. ‘आम्ही’ म्हणजे मी, मी आणि मी असे मात्र नाही, कारण बोलणारा बहुधा एकच असतो. ‘मी आणि माझ्याबरोबरचे इतर’ असा त्याचा अर्थ आहे. या ‘इतरां’मध्ये ऐकणारा येतो की नाही, हे मराठी स्वतंत्र शब्दांनी सांगते. ‘आम्ही निघतो’ यात तो नाही, ‘आपण निघू या’ यात तो आहे. गुजरातीत, तमिळमध्ये आणि तेलुगूतही हा भेद आहे. संस्कृतच्या ‘वयम्’मध्ये आणि हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. संस्कृतात एकट्याने किंवा दोघांनी स्वतःबद्दल ‘वयम्’ म्हणण्यास ‘अस्मदो द्वयोश्च’ या पाणिनीच्या सूत्राने मुभा दिली आहे. संपादकीय लेखनातील ‘आम्ही’ पाहिला, की त्याची आठवण होते.

प्रश्न : संस्कृतमधील द्विवचन मराठीत नाही. यामुळे आपली भाषा उणी ठरते का?

उत्तर : मुळीच नाही. द्विवचन मराठीने गमावलेले नाही, कारण ते मराठीपर्यंत पोहोचलेच नव्हते. प्राकृतांच्या अवस्थेतच ते लोपले होते आणि प्राकृत व्याकरणकारांनी ‘द्विवचनाच्या जागी बहुवचन’ असा नियमच नोंदवून ठेवला. अरबी आणि स्लोव्हेनियन भाषांत द्विवचन आजही वापरात आहे. काही भाषांत तिघांसाठीही वेगळे रूप असते. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 मध्ये मांडलेल्या एका सूत्रानुसार, द्विवचनाशिवाय त्रिवचन आणि अनेकवचनाशिवाय द्विवचन कोणत्याही भाषेत आढळत नाही. दुसरीकडे चिनी आणि जपानी भाषांत बहुतेक नामे वचनासाठी बदलतच नाहीत, आणि त्या बोलणाऱ्यांचे काही अडत नाही. आपल्याला नेमके दोन सांगायचे असतात, तेव्हा ‘दोघे’, ‘दोघी’, ‘दोन्ही’ हे शब्द हाताशी आहेतच.

प्रश्न : ‘फाइल्स’, ‘बँक्स’ अशी इंग्रजी अनेकवचने मराठीत लिहावीत का?

उत्तर : शब्द मराठीत रुळला असेल, तर त्याला मराठीचेच प्रत्यय लावावेत. ‘बँका’, ‘फायली’, ‘मोटारी’, ‘टेबले’ ही रूपे कित्येक वर्षे वापरात आहेत. इंग्रजी ‘स्’ ठेवला, तर पुढे ‘फाइल्समध्ये’, ‘फाइल्सना’ असे करताना सामान्यरूपाची घडी विसकटते आणि ‘फायलींमध्ये’ या रूपाची सफाई येत नाही.

दुसऱ्या भाषेतले वचन शब्दाबरोबर येतेच असे नाही, याचे उत्तम उदाहरण ‘हाल’ आणि ‘अहवाल’ या जोडीत आहे. दोन्ही शब्द मूळचे अरबी असून फारसीमार्गे मराठीत आले. अरबीत ‘हाल’ म्हणजे स्थिती हे एकवचन आणि ‘अहवाल’ हे त्याचेच अनेकवचन. मराठीत ‘हाल’ला कष्टाचा अर्थ आला आणि तो ‘कांजिण्या’, ‘शहारे’ यांच्यासारखा नेहमी अनेकवचनी झाला. आपण ‘फार हाल झाले’ असेच म्हणतो. ‘अहवाल’ मात्र एकवचनी झाला आणि समितीने ‘अहवाल सादर केला’ असे आपण लिहू लागलो. ‘अमीर’चे अरबी अनेकवचन ‘उमरा’ होते. त्यापासून आलेला ‘उमराव’ हा शब्दही आपण एकाच सरदाराला लावतो. या शब्दांची मूळ वचने शोधून त्यांना आज मागे वळवण्याचे कारण नाही.