एजन्सीला ८ टक्के द्यायचे, तर कामं किती वाढायला हवीत?

प्रश्न: फर्निचर दुरुस्ती आणि पॉलिशचा छोटा व्यवसाय आहे. दोन कारागीर नगावर काम करतात. महिन्याला ५० कामं होतात, ओढूनताणून ५८ होतील. विक्रीतले ६० टक्के सामान आणि मजुरीत जातात, २८ टक्के भाडं, वीज, हप्ते यांत. १२ टक्के माझ्या हाती राहतात. ब्लॉग आणि सोशल मीडिया सांभाळायला एक एजन्सी दरमहा आजच्या विक्रीच्या ८ टक्के इतकी ठरलेली रक्कम मागते आहे. वर्षाचे पैसे आगाऊ दिले तर १५ टक्के सूट आणि दहा हजार फॉलोअर्सची हमी. अडीअडचणीसाठी चार महिन्यांच्या ठरावीक खर्चाइतकी ठेव आहे, ती मोडून पैसे भरू का?

उत्तर: नमस्कार. ठेव मोडू नका आणि हा करारही करू नका. ब्लॉग किंवा सोशल मीडिया निरुपयोगी आहे म्हणून नव्हे; तुम्ही दिलेल्या आकड्यांतच हा करार बसत नाही म्हणून.

महिन्याची विक्री १०० भाग धरू. म्हणजे एक काम सरासरी २ भागांचं. ८ भाग खर्च केले आणि विक्री ८ भागांनी वाढली की पैसे वसूल, असा हिशोब बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात. वाढलेल्या विक्रीतूनही ६० टक्के सामान-मजुरीला जाणारच. हाती उरतात ४० टक्के, म्हणजे एका कामामागे ०.८ भाग. ८ भाग भरून काढायला दरमहा १० जादा कामं लागतील. तुमच्याकडे जागा आहे आठांची. म्हणजे एजन्सीने सांगितलेलं सगळं खरं ठरलं आणि दारात रांग लागली, तरी दर महिन्याला दीड भागाहून थोडा जास्त तोटाच. सूट धरली तर महिन्याला ६.८ भाग पडतात. त्यालाही साडेआठ कामं हवीत. अडचण गिऱ्हाइकांची नाही, कारागिरांच्या हातांची आहे.

आता सूटही तपासून बघा. वर्षाचे ९६ भाग सूट जाऊन ८१.६ होतात. महिन्याच्या ८ ने भागलं तर दहा महिन्यांहून थोडं जास्त. दहाव्या महिन्याच्या आत काम थांबवावंसं वाटलं, तर सूट घेऊनही तुम्ही जास्तच पैसे दिलेले असतील. ठेव आहे ११२ भागांची. त्यातून एवढे काढल्यावर उरतील ३०, जेमतेम एका महिन्याचं भाडं आणि हप्ते. एक कारागीर महिनाभर आजारी पडला की संपलं. दहा हजार फॉलोअर्सची हमी तर मी कागदावरून खोडूनच टाकेन. खुर्ची दुरुस्तीला आणू शकेल एवढ्या अंतरावरचे शंभर लोक तुमच्या कामाचे; बाकीचे मोजायला छान.

मग खर्च करायचा किती? दरमहा दीड भाग, सहा महिने, एकूण ९ भाग, आणि तेही ठेवीतून नाही, महिन्याला हाती राहणाऱ्या १२ भागांतून. हे ९ भाग सुटायला सहा महिन्यांत जादा १२ कामं पुरतात, म्हणजे महिन्याला दोन. हे झेपणारं आहे.

पहिला खर्च स्वतःच्या नावाने घेतलेलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आणि साधी वेबसाइट. डोमेन, पेज आणि जाहिरातीचं खातं तुमच्या ईमेलवर हवं. मदतीला कुणी घेतलंच तर त्याला वापरायची परवानगी द्या, मालकी नको. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम सुमारे सहा तास बंद होते. ज्यांचं सगळं दुकान तिथेच होतं, ते त्या दिवशी हात बांधून बसले. गूगलवरचं व्यवसायाचं प्रोफाइल फुकट आहे, ते आधी पूर्ण भरा. कामाची वेळ आणि फोन नंबर चुकीचा राहिला तर बाकीची मेहनत वाया जाते.

ब्लॉगवर सहा ते आठ लेख पुरेत. विषय शोधत बसू नका, गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं तेच लिहा: पॉलिशला किती दिवस लागतात, वाळवी लागलेलं लाकूड कधी वाचतं आणि कधी वाचत नाही, जुनी खुर्ची दुरुस्त करावी की टाकावी. प्रत्येक लेखात आधीचा आणि नंतरचा फोटो, त्याच कोनातून, त्याच उजेडात. अंदाजे खर्च लिहाच. तो वाचून निम्मे लोक फोन करणार नाहीत, आणि तेच बरं. लेख शोधात वर यायला महिने लागतात, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात निकाल मागू नका. लोक काय शोधत आले हे गूगलचं सर्च कन्सोल हे साधन फुकट दाखवतं; पुढच्या लेखाचा विषय तिथे सापडतो. एका लेखाला तुमचे चार-पाच तास जातील. तेही खर्चात धरा.

सोशल मीडियाचं एकच ठिकाण निवडा. पैसे देऊन जाहिरात करायची झाली तर फेसबुक-इन्स्टाग्रामची यंत्रणा योग्य माणसं ओळखायला शिकते, पण त्यासाठी एका ॲड सेटला (एकच बजेट आणि एकच प्रेक्षकवर्ग असलेल्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात साधारण ५० वेळा अपेक्षित कृती घडावी लागते. तुमची महिन्याची कामंच ५०. म्हणून ‘ऑर्डर’ हे लक्ष्य न ठेवता ‘मेसेज’ ठेवा, आणि छोटं बजेट पाच जाहिरातींत वाटू नका.

मोजमापाला वही पुरते. पहिल्याच फोनवर, दर सांगण्याआधी, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ विचारा आणि लिहून ठेवा. काम पक्कं झालं की त्याच ओळीत खूण करा. दर सांगितल्यावर विचारलं तर लोक घासाघीस करायच्या नादात काहीतरी सांगून मोकळे होतात. जुन्या गिऱ्हाइकाने तुमची पोस्ट पाहून फोन केला, तर तो नव्यात मोजू नका. सहा महिन्यांनी ब्लॉग, गूगल किंवा सोशल मीडियावरून आलेल्या नव्या कामांच्या खुणा बारापेक्षा कमी असतील तर जाहिरात बंद करा. लेख राहू द्या, त्यांच्यावर जाहिरातीसारखा दरमहा खर्च नाही.

आठ कामांची जागा भरली की पुढे कामं वाढवण्यापेक्षा कामं निवडणं फायद्याचं. कमी सामान आणि जास्त कसब लागणारी कामं वाढून विक्रीतली ४० टक्के शिल्लक ४५ वर गेली, तर एकही नवं गिऱ्हाईक न येता, ५८ कामांच्या ११६ भाग विक्रीवर, महिन्याला ५.८ भाग वाढतात. लेखांचे विषय तेव्हा त्याच कामांकडे वळवा.

तिसरा कारागीर ठेवायचा विचार असेल तर वरचं गणित बदलतं. तो नगावर असेल की पगारावर, आणि आजच्या जागेत त्याचं काम मावेल का, एवढं कळवा. मग एजन्सीचा आकडा नव्याने तपासता येईल. तोवर त्यांना एवढंच विचारा: महिना-महिन्याने, ३० दिवसांच्या नोटिशीवर काम कराल का?