आठवड्याला चाळीस किलोमीटर आणि अल्ट्रा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नोकरी आणि मुलं सांभाळून आठवड्याला जेमतेम ३५-४० किमी होतात. सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्राच्या (मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यतीच्या) ५३ किमीला नाव नोंदवू का?

उत्तर: वर्षभरात एखादी हाफ मॅरेथॉन न लंगडता झाली असेल, तर नोंदवा. टायमिंगचा नाद मात्र सोडा, कट-ऑफच्या (शर्यत संपवायच्या वेळमर्यादेच्या) आत पोचलात की जिंकलात. डोंगरात आपल्यासारखी माणसं बराच वेळ चालतच असतात, त्यामुळे वहीत किलोमीटर नको, तास लिहा. चाळीस किलोमीटर रोज सहा-सहा असे वाटून टाकले तर अल्ट्रासाठी फारसे कामाला येत नाहीत. आठवड्यात दोनदा पाऊण तास पुरे, त्यातला एक दिवस चढावर. उरलेलं सगळं शनिवारी. तीन आठवड्यांतून एकदा शनिवारी चार तास डोंगर आणि रविवारी त्याच जड पायांनी दीड तास सपाटीवर. ही जोडी दर आठवड्याला करू नका, घरचेही वैतागतात.

प्रश्न: दर शनिवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो. गुडघ्यांना जपायचं म्हणून खाली जीपने येतो. हे लाँग रनमध्ये (आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेत) धरायचं का?

उत्तर: चढ धरा. पण निम्मा सराव त्या जीपने खाल्ला! चढताना दम लागतो, मांड्या मात्र उतारावरच जातात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच तुम्हाला रोखून धरत असतो. त्यात त्याला बारीक इजा होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. गंमत म्हणजे, एकदा हे सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच उताराला बराच कमी कुरकुरतो. कमी मायलेजवाल्याला, म्हणजे आठवड्याला कमी किलोमीटर धावणाऱ्याला, याहून स्वस्त सौदा नाही.

गुडघा आधीपासूनच दुखत असेल तर अगोदर डॉक्टरांना दाखवा. नसेल तर एक उतार सावकाश करून बघा. पावलं छोटी, टाच पुढे रोवायची नाही, नजर तीन-चार पावलं पुढे. पावसाळा सरला की वाटेवरच्या सुट्या मुरुमावर पाय सटकतो, तिथे मागे रेलू नका. पुढे एका सकाळी दोन फेऱ्या करा. वरची पिठलं-भाकरी दुसऱ्या फेरीनंतर. शेवटचा दणदणीत उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी.

प्रश्न: एनर्जी जेल (धावताना खायची गोड, पातळ पाकिटं) परवडत नाहीत. खजूर, चिक्की चालेल?

उत्तर: खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गूळ, सगळं चालतं. शेंगदाण्याची चिक्की पोटात रेंगाळते, ती बेतानं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि शनिवारीच त्याची सवय करा. पाणी तहानेपुरतं. उगाच ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, ते जिवावर बेतू शकतं.

प्रश्न: याच मायलेजवर कॉम्रेड्स जमेल?

उत्तर: मी तरी पाठवणार नाही. दक्षिण आफ्रिकेतली ही शर्यत सुमारे ९० किमीची, डांबरी रस्त्यावरची, कट-ऑफ १२ तासांचा. म्हणजे खाणंपिणं धरून किलोमीटरला आठ मिनिटं. तिथे चालून वेळ निभावत नाही. मायलेज वाढवा, मग बघू.

प्रश्न: शर्यतीत पाय दुखू नयेत म्हणून आधीच आयबुप्रोफेन घेतली तर?

उत्तर: नको. तासन् तास घाम गाळताना मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, ही वेदनाशामक गोळी तो आणखी वाढवते.