सॉरी म्हणायला लावू नका

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे. बोलताना थोडी अडखळते. शाळेच्या कार्यक्रमाच्या व्हिडिओतून तिचा तोंड उघडं राहिलेला एक क्षण उचलून वर्गातल्या एकीने त्याचं स्टिकर केलं. आता मुलांच्या ग्रुपवर कुणी उत्तर द्यायला उशीर केला की हेच स्टिकर पडतं. मला दोन महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्या आईकडून. रागाच्या भरात मी मुलीचा फोन काढून घेतला. वर्गशिक्षिका म्हणतात, ‘दोघींना समोरासमोर बसवू, सॉरी म्हणायला लावू, मिटून जाईल.’ मुलगी म्हणते, मी शाळेतच जाणार नाही. काय करू?
— एक आई

उत्तर : सगळ्यात आधी ती बैठक थांबवा. उद्या असेल तर आजच फोन करा.

इतक्या ठामपणे सांगते, कारण ही चूक मी स्वतः करून बसले आहे. समुपदेशक म्हणून माझं दुसरंच वर्ष होतं. एका मुलाला तिघं जण छळत होते. मी चौघांनाही खोलीत बोलावलं, गोल बसवलं, छोटंसं भाषण दिलं. तिघांनी सॉरी म्हटलं, हात मिळवले. मी रजिस्टरात ‘प्रकरण मिटले’ असं लिहिलंसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाचं नावच ‘सॉरी’ पडलं. जिन्यात खांद्याने ढकलायचं आणि मान वाकवून म्हणायचं, ‘सॉरी हं!’ मला हे कळायला तीन आठवडे गेले. तो पुन्हा माझ्याकडे येईलच कशाला?

भांडण आणि छळ यांत आपण फार गल्लत करतो. या विषयावर १९७०च्या दशकापासून काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हापुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. भांडणात समेट घडवता येतो, कारण दोघांनाही बोलता येतं. तुमच्या मुलीचं बघा. जिने तिच्या अडखळण्याची टिंगल केली, तिच्याचसमोर बसून तिने बोलायचं, आणि तेही बाईंच्या देखत. शब्द अडकेल या धास्तीनेच ती गप्प राहील. समोरची घडाघडा बोलेल. शेवटी सगळ्यांना वाटेल, हिचं तर काही म्हणणंच नाही.

फोनवर त्या ‘पुन्हापुन्हा’चा अर्थही बदलतो. स्टिकर एकदाच टाकलं तरी ते दहा जणांच्या फोनमध्ये सेव्ह होतं. पुढे ते फिरत राहायला मूळ मुलीने काहीच करावं लागत नाही.

म्हणून शाळेकडे दोन गोष्टी मागा. पहिली, दोघींशी वेगवेगळं बोलणं. त्या मुलीला ‘का केलंस?’ विचारलं की ‘गंमत केली’ हेच उत्तर येणार, त्यात वेळ घालवू नये. स्टिकर कधी काढणार, ग्रुपवर ते पुन्हा पडलं तर ती काय करणार, एवढंच ठरवून घ्यायचं. दुसरी मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते : बघणाऱ्या मुलांकडे लक्ष. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या ‘किवा’ या छळविरोधी कार्यक्रमात शिक्षक वर्गातल्या दोन ते चार समजूतदार, इतर मुलं ज्यांचं ऐकतात अशा मुलांना बाजूला घेतात आणि विचारतात, ‘तिला बरं वाटावं म्हणून तू काय करू शकशील?’ नायकगिरी नको असते. मधल्या सुट्टीत शेजारी बसणंही चालतं. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावरचं चित्रीकरण तपासलं होतं. २००१ साली त्यांनी जे छापलं, त्यानुसार छळाच्या बहुतेक प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांत तो प्रकार थांबला. तुमच्या वर्गाच्या ग्रुपमध्ये अशी दहा सेकंदं कुणीतरी खर्च करायला हवीत.

निघताना बाईंकडून पुढच्या भेटीची तारीख मागा. दोन आठवड्यांनंतरची. तारीख नसलेली आश्वासनं मी खूप पाहिली आहेत. (लिहीत तर मीच होते.)

आता फोन. तो परत द्या. तुम्हाला राग आला होता हे समजतं, पण मुलीने त्यातून काय शिकलं? त्रास तिला झाला आणि फोन तिचाच गेला. मुलं घरी सांगत नाहीत त्यामागे हीच भीती फार वेळा असते. फोन देताना तसं स्पष्ट बोला : ‘तो काढून घेणं माझं चुकलं. यापुढे काही सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही.’ ‘आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न मात्र गिळून टाका.

मग दोघी बसून स्क्रीनशॉट काढा. पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ दिसेल असे. ब्लॉक आणि रिपोर्ट त्यानंतर, कारण त्या नादात चॅट पुसलं गेलं तर दाखवायला काही उरत नाही. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केल्याचं समोरच्याला कळवलं जात नाही, हे तिला सांगा. मुलं त्याला घाबरतात. पालकांच्या ग्रुपवर मात्र एक अक्षर टाकू नका. तिथे पेटलं की सगळे आपापल्या मुलाची बाजू घेऊन उभे राहतात आणि मूळ गोष्ट राहते बाजूला.

प्रकरण उघड्या अंगाच्या फोटोचं असतं तर सल्ला वेगळा दिला असता. असा फोटो पुरावा म्हणूनही कुणाला पाठवायचा नाही. अठरा वर्षांखालच्यांसाठी, असे फोटो इंटरनेटवरून काढून टाकायला मदत करणारी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. ती फोटोचा फक्त डिजिटल ठसा घेते, फोटो फोनमधून बाहेर जात नाही.

आणि वर्गात मोठ्याने वाचायची पाळी? ती माफ करून घेऊ का, हे तुम्ही ठरवू नका. तिला विचारा. मागे मी एका मुलीसाठी परस्पर ठरवलं होतं, तर ती माझ्यावरच चिडली : ‘मला वाचायचं असतं. फक्त कुणी मध्येच शब्द पुरा करू नये.’

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या ग्रुपवर एका मुलीला चिडवत होते. मी काही बोलले नाही, फक्त हसण्याची इमोजी टाकली. आता ती माझ्याशी बोलत नाही. माझी चूक आहे का?

उत्तर : हो, थोडी आहे. तू सुरुवात केली नाहीस, पण तिने ती इमोजी मोजली असणार. आपल्यावर किती जण हसले, हे अशा वेळी नक्की मोजलं जातं.

ती इमोजी काढून टाक. ग्रुपवर माफीनामा लिहू नकोस, पुन्हा सगळे तिच्याकडेच बघतील. तिला एकटीला मेसेज कर : ‘मी हसले ते चुकलं. उद्या तुझ्या बाकावर बसू का?’ ‘पण’ने सुरू होणारं वाक्य त्याला जोडू नकोस. तिने लगेच उत्तर दिलं नाही तर दुसरा मेसेज करू नकोस. सकाळी तिच्या बाकापाशी जा आणि जागा आहे का ते विचार.