वारसांची जमीन आणि विधिमंडळाचा ठराव

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. अमेरिकेत पूर्वी मयत माणसाची जमीन विकायला थेट विधिमंडळ परवानगी देत असे, असं वाचलं. हे काम कोर्टाचं नाही का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, ताई, तिथल्या न्यायाधीशांनाही ती पडली होती. विल्किन्सन विरुद्ध लेलँड हा खटला जरूर वाचा. न्यू हॅम्पशायरमधला एक गृहस्थ कर्ज मागे ठेवून वारला. त्याची जमीन ऱ्होड आयलंडमध्ये होती. मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्या त्याच्या पत्नीने न्यू हॅम्पशायरच्या कोर्टाच्या परवान्यावर १७९१ मध्ये ती विकली. पण एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यातल्या जमिनीला लागू होत नाही. मग १७९२ मध्ये ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने खास कायदा करून ती विक्री कायम केली. पुढे त्या गृहस्थाच्या मुलीने जमीन परत मागितली.

१८२९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विक्री ग्राह्य धरली. न्यायमूर्ती स्टोरी यांचा मुद्दा नीट समजून घ्या : मयताच्या कर्जाचा बोजा जमिनीवर होताच, त्यामुळे वारसाच्या हाती ती आली ती बोज्यासकट. विधिमंडळाने हक्क हिरावला नाही, कर्जफेडीची वाट मोकळी केली. त्याच निकालात, मालमत्ता केवळ विधिमंडळाच्या मर्जीवर असेल तर ते सरकार मुक्त म्हणवत नाही, असंही त्यांनी बजावलं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेले, वारस स्वतः बोलू शकत नाहीत. पुढे इलिनॉयच्या १८७० च्या राज्यघटनेने अज्ञानांची जमीन विकण्यासाठी असे खास कायदे करण्यावर बंदीच घातली.