ऑस्ट्रेलियातल्या आडरानात मेंढ्या-गुरांची प्रचंड मोठी 'स्टेशनं', म्हणजे पशुपालनाची कुरणं, असतात म्हणे. इतक्या ओसाड जागी ती चालली तरी कशी?

सगळ्यांचा इतिहास एकसारखा नाही, म्हणून एकाचंच सांगतो : कॉर्डिलो डाउन्स. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य कोपऱ्यात, इनामिंका नावाच्या छोट्या गावाच्याही उत्तरेला. क्षेत्रफळ सुमारे ७,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे दोन गोवे आरामात मावतील. पाऊस मात्र वर्षाला २०० मिलिमीटरही धड पडत नाही.

ही जमीन यांद्रुवांधा आणि यावरावर्का या मूळ रहिवासी लोकांची. १८७०च्या दशकाच्या अखेरीस गोरे पशुपालक तिथे आले आणि १८८३मध्ये स्टेशन उद्योजक थॉमस एल्डर यांच्या बेल्टाना या पशुपालन कंपनीकडे गेलं. लोकर कातरायची तिथली दगडी शेड आजही उभी आहे. आसपास इमारती लाकूड मिळेना, म्हणून जाड भिंती आणि त्यांवर कमानीसारखा वाकवलेला पत्रा. १८८८मध्ये इथे ८५ हजारांवर मेंढ्या कातरल्या गेल्या!

पण लोकर कातरून भागत नाही, ती बाजारात पोचावी लागते. जवळचं रेल्वे स्टेशन फरीना, सुमारे सहाशे किलोमीटरवर. म्हणून आधी लोकर धुवायची, म्हणजे मळ आणि चरबी निघून वजन उतरतं. मग गासड्या बांधून उंटाच्या दोन्ही अंगांना लादायच्या आणि तांडा हाकायचा. माझ्या मते स्टेशनचे खरे पोशिंदे हे उंटवालेच. एल्डर यांनी १८६६मध्येच कराचीहून शंभराहून जास्त उंट आणि ३१ उंटवाले आणवले होते. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होतं. या उंटवाल्यांत बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण असे सगळे असत, पण तिकडे सरसकट 'अफगाण' म्हणून मोकळे. माल त्यांनी वाहायचा आणि गोरेतरांचा प्रवेश रोखणाऱ्या १९०१च्या कायद्यानंतर बायका-मुलांना तिकडे आणायचं म्हटलं, तर दारं जवळजवळ बंद.

मेंढ्यांचा धंदा पुढे डिंगोंनी, म्हणजे रानकुत्र्यांनी, आणि वाढत्या खर्चाने बसवला. डिंगोंना अडवणारं हजारो किलोमीटरचं कुंपण आहे खरं, पण कॉर्डिलो त्याच्या पलीकडे, कुत्र्यांच्याच बाजूला पडतं. १९४०च्या दशकात मेंढ्या काढून टाकल्या आणि गुरं आली. गुरांचे दोन फायदे : मोठं जनावर डिंगोला सहज आवरत नाही, आणि तेव्हा ती हाकत, स्वतःच्या पायांनी बाजाराकडे नेता येत. आता ट्रक येतात. स्टेशन अजून चालू आहे, मांसासाठी सेंद्रिय पद्धतीने गुरं पाळतात.